कणांची देवघेव आणि ज्ञानाची देवघेव

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. धातूंची संकुले, संस्कारित पृष्ठभाग आणि प्रथिने यांच्यातील इलेक्ट्रॉनची देवघेव! हा विषय प्रयोगशाळेतल्या मंडळींचा. त्यावर कला शाखेचा एक पदवीधर पत्रकार काय बोलणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर एवढेच, की जे ज्ञान केवळ तज्ज्ञांनी तज्ज्ञांना सांगायचे असते ते समाजाचे होत नाही. ते समाजाचे व्हायचे असेल तर माझ्यासारख्या सामान्याला समजेल आणि सांगताही येईल अशा रूपात ते मातृभाषेत उतरले पाहिजे. तसा यत्न मी आज करणार आहे. आणि या निमित्ताने एका मराठी विदुषीची कथा सांगणार आहे. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या शोधाने देशाची मान उंचावली, त्याचे स्मरण म्हणून आपण हा दिवस साजरा करतो. त्याच रामन यांच्या दारात या विदुषीला सत्याग्रह करावा लागला होता. तोही भाग मी गाळणार नाही.

द्राक्षबागेतला विळा

आरंभ आपल्या मातीतूनच करू. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या भागांतल्या द्राक्ष बागाईतदाराला बोर्डो मिश्रण काय हे सांगावे लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे त्याचे एक टक्का प्रमाण. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात १८८५ च्या सुमारास मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने केवडा रोगावर हा उपाय जगापुढे मांडला. तेव्हापासून त्याचा प्रवास आपल्या कृष्णाकाठापर्यंत झाला. मिश्रण तयार झाले की जाणता शेतकरी एक साधी परीक्षा घेतो. स्वच्छ घासलेला लोखंडी विळा किंवा खिळा तो मिश्रणात थोडा वेळ बुडवून धरतो आणि बाहेर काढून पाहतो. लोखंडावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घाला. थर आला नाही तर फवारणीला हरकत नाही.

मित्रहो, ही परीक्षा म्हणजेच आजचा विषय आहे. मोरचुदाच्या द्रावणातील तांब्याचा प्रत्येक कण दोन इलेक्ट्रॉनांनी उणा असतो. लोखंडाजवळ ते असतात, आणि तांब्याच्या तुलनेत लोखंडाची पकड सैल असते. दोघांची गाठ पडताच लोखंड आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या स्वाधीन करते. तांबे द्रावणातून उतरून विळ्यावर धातुरूपाने बसते. लोखंड द्रावणात निघून जाते. पुरेसा चुना घातला असेल तर तांबे त्याच्याशी बांधले गेलेले असते, ते मोकळे नसते, म्हणून ही देवघेव घडत नाही. बोर्डो मिश्रण लोखंडी पिंपात करू नये, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करावे, असे का सांगतात, हेही यातून उलगडते.

म्हणजे आपला शेतकरी वर्षानुवर्षे इलेक्ट्रॉनचे संक्रमण डोळ्यांनी पाहतो आहे. त्याला कृती ठाऊक आहे. तिच्यामागचे कारण मात्र त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवले नाही. आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र हेच आहे, आणि शेवटी मी त्याकडे येणार आहे.

लोखंड, जस्त आणि कथील

इलेक्ट्रॉन हा अणूतील ऋणभाराचा सूक्ष्म कण. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली तो शोधला. जो पदार्थ इलेक्ट्रॉन गमावतो त्याचे ऑक्सिडीकरण झाले असे म्हणतात आणि जो स्वीकारतो त्याचे क्षपण. देणारा नसेल तर घेणारा नाही. म्हणून या दोन क्रिया जोडीनेच घडतात.

औंध संस्थानच्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा द्रष्टा राजा पाठीशी होता म्हणून ते धाडस घडले. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर विकले जायला मोठा काळ लागला. जमीन अर्थातच विषारी झाली नाही. उलट मातीतला ओलावा आणि हवेतला प्राणवायू यांनी नांगरालाच गंज चढवला. लोखंड आपले इलेक्ट्रॉन प्राणवायूला देत राहते आणि स्वतः गंजरूप होते. कासचे पठार, पाचगणीचे टेबललँड, महाबळेश्वरचा माथा येथील तांबडा जांभा दगड पाहा. युगानुयुगांच्या पावसात बाकीचे बरेच घटक वाहून गेले आणि प्राणवायूला इलेक्ट्रॉन देऊन बसलेले लोह मागे उरले. जांभ्याचा रंग तो लोहाचा रंग.

हा गंज थोपवण्यासाठी पृष्ठभागावर संस्कार करावा लागतो. घरावरचा पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा असतो. त्यावर चरा पडला तरी जवळचे जस्त आधी आपले इलेक्ट्रॉन देते, स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. कथलाच्या मुलाम्याचे तसे नाही. पत्र्याच्या डब्यावरील कथील अखंड आहे तोवर उत्तम. त्यावर चरा पडला तर आतले लोखंड अधिकच वेगाने गंजते, कारण येथे देणारा लोखंड ठरतो आणि कथील सुरक्षित राहते. वरून दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात. संकटकाळी मात्र दोघांचे वर्तन निराळे असते.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतला प्राणवायू तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो, आम्लाच्या सान्निध्यात तांबे पदार्थात उतरते. म्हणून आपल्याकडे कल्हई होती. नवसागराने भांड्याचा मळ काढायचा, तापलेल्या भांड्यावर कथील पसरायचे, की तांबे आणि अन्न यांच्यात आडपडदा निर्माण झाला. गल्लोगल्ली ओरडत जाणारा कल्हईवाला हा पृष्ठभाग संस्कारित करणारा तंत्रज्ञच होता.

कराडजवळच्या ओगलेवाडीचे उदाहरणही येथे शोभते. ओगले बंधूंनी १९१६ साली तेथे काचकारखाना उभा केला आणि पुढे प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. काच करणाऱ्याचा जुना शत्रू म्हणजे वाळूतले लोह. त्याने काचेला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी जगभरचे काच-कारागीर मँगॅनीजचे ऑक्साइड वापरत आले. मँगॅनीज लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेते. हिरवट झाक इतकी फिकट पिवळी होते की डोळ्यांना जाणवत नाही. एका इलेक्ट्रॉनच्या अंतराने काचेचा रंग बदलतो.

दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. सुमारे सोळाशे वर्षे ऊन-पावसात उभा असलेला हा स्तंभ का गंजत नाही, याचा कसून अभ्यास आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर जमला आणि त्याने पुढची झीज रोखली. आपल्या लोहारांच्या कौशल्यापुढे नतमस्तक व्हावे असेच हे काम आहे. परंतु त्या लोहारांना इलेक्ट्रॉन ठाऊक होता असे मी म्हणणार नाही, आणि आपणही कोणी म्हणू नये. त्यांचा गौरव करण्यासाठी खोट्या दाव्याची गरजच नाही. विचार करायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. असे लोखंड करणाऱ्या हातांची परंपरा खंडित का झाली? कृती होती, पण कारणमीमांसा लिहिली गेली नाही, वर्गात शिकवली गेली नाही, एका पिढीने दुसरीला आणि एका जातीने दुसरीला सांगितली नाही. बंद पेटीतले ज्ञान पेटीबरोबरच नष्ट होते.

दोन नावा

आता थोडे सिद्धान्ताकडे वळू. एका अणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जातो तरी कसा? धातूचा अणू बहुधा एकटा नसतो. त्याच्याभोवती इतर रेणू वेढा घालून बसलेले असतात. या समूहाला धातूचे संकुल म्हणतात. हेन्री टॉब यांनी दाखवले, की काही वेळा दोन संकुले आधी एका सामाईक घटकाने जोडली जातात आणि त्या सेतूवरून इलेक्ट्रॉन पलीकडे जातो. १९८३ साली त्यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

पण सेतू नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडले. ते समजण्यासाठी आपल्या कृष्णेच्या पात्रात चला. दोन नावा शेजारी शेजारी लाटांवर हेलकावत आहेत. तुम्हाला एका नावेतून दुसरीत पाऊल टाकायचे आहे. एक वर असताना दुसरी खाली असते. तेव्हा पाऊल टाकले तर पाण्यात पडाल. हेलकावता हेलकावता ज्या क्षणी दोन्ही काठ समपातळीत येतात, त्या क्षणी तुम्ही पलीकडे जाता. इलेक्ट्रॉनचेही असेच आहे. तो अतिशय हलका आणि चपळ. पण भोवतालचे जड रेणू हेलकावत दोन्ही बाजूंची ऊर्जा समान पातळीवर आणत नाहीत तोवर त्याला थांबावे लागते. नावा किती हलवाव्या लागतात, यावर संक्रमणाचा वेग ठरतो. या सिद्धान्तातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघत होता: उतार फार तीव्र झाला तर इलेक्ट्रॉनचा वेग वाढण्याऐवजी घटेल. पुष्कळांना ते पटेना. १९८४ साली प्रयोगाने त्याचा निःसंदिग्ध पुरावा दिला आणि १९९२ साली मार्कस यांना नोबेल मिळाले. पहिल्या मांडणीपासून सन्मानापर्यंत छत्तीस वर्षे गेली.

मग अमेरिकेतील हॅरी ग्रे यांच्यासारख्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी प्रथिनाच्या पृष्ठभागावर रुथेनियम या धातूचे संकुल बसवले आणि तेथून प्रथिनाच्या गाभ्यातील धातूपर्यंत इलेक्ट्रॉन किती वेळात पोहोचतो, ते मोजले. प्रथिनाच्या आरपार, नॅनोमीटरहून अधिक अंतर तो मधल्या रेणूंना न मोडता पार करतो, हे सिद्ध झाले. ग्रे यांनी अभ्यासलेल्या प्रथिनांपैकी एकाचे नाव सायटोक्रोम सी. आणि येथेच आपली मराठी विदुषी या कथेत प्रवेश करते.

कमलाबाईंचा सत्याग्रह

कमला भागवत, विवाहानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. रामन तेव्हा संस्थेचे संचालक होते. अर्ज नाकारला गेला. कारण एकच: अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या, रामन यांना भेटल्या, कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निश्चय सांगितला. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. एक वर्ष परीक्षार्थी म्हणून. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी काम करायचे. आणि त्यांच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. या शेवटच्या अटीचा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या या साक्षेपी मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि त्या संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले.

बंधूंनो, रामन थोर होते यात शंका नाही. परंतु थोर व्यक्तीची चूक ही चूकच असते, आणि ती झाकल्याने थोरवी वाढत नाही. ज्या सातारा जिल्ह्यातील नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या, त्या जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.

कमलाबाई १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिक्टर यांच्यासह त्यांनी फिनोलेज या विकरांवर, म्हणजे आपण ज्यांना एन्झाइम म्हणतो त्यांवर, काम केले. कृष्णाकाठचे वांगे चिरून ठेवले की काळे पडते, ते याच वर्गातील तांबेयुक्त विकरामुळे; वांग्यातील द्रव्यांचे इलेक्ट्रॉन ते प्राणवायूला देते. आपण फोडी पाण्यात टाकतो तो प्राणवायू दूर ठेवण्यासाठी. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले.

या शोधाचे मोल कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मॅकमन नावाच्या एका डॉक्टरने १८८० च्या दशकात स्वतःच्या घरच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या पेशींतील हे रंगद्रव्य पाहिले होते. पण जर्मनीतील एका मातब्बर शास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि ते मागे पडले. १९२५ साली केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी ते पुन्हा शोधले आणि त्याला सायटोक्रोम हे नाव दिले. प्राणी श्वसन करतात ते या प्रथिनांच्या साखळीने. वनस्पतीही त्याच साखळीने श्वसन करतात, हे दाखवण्यात एका मराठी मुलीचा वाटा होता. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात राहून मोठे होण्याची संधी होती, तरी त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. नीरा, डाळी, तांदळाचे पीठ अशा गरिबाच्या अन्नातील पोषणमूल्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही त्यांनी काम केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आणि या भगिनीची थोरली बहीण कोण, तर दुर्गाबाई भागवत! डिसेंबर १९७५ मध्ये आपल्याच सातारा जिल्ह्यातील कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. आणीबाणीचा काळ, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षस्थानी दुर्गाबाई. त्या व्यासपीठावरून त्यांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार निर्भयपणे केला आणि पुढे कारावास पत्करला. आपल्यातील ज्येष्ठांना तो काळ स्मरत असेल. दुर्गाबाई आपण लक्षात ठेवल्या, ते उचितच झाले. परंतु बंद दारापुढे तितक्याच निर्भयपणे उभ्या राहिलेल्या कमलाबाईंचे नाव आपल्या किती मुलींना ठाऊक आहे?

श्वासाचा अर्थ

सायटोक्रोम सी हे शंभरावर घटकांचे छोटे प्रथिन. त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू. तो एका बाजूने इलेक्ट्रॉन घेतो आणि दुसऱ्या बाजूला देतो; एवढेच त्याचे काम. प्रथिनाने त्या लोहाला असे आवळून धरलेले असते, की देताना किंवा घेताना भोवतालची रचना फारशी हलत नाही. मघाच्या नावा जणू एकमेकींना दोरांनी बांधून ठेवलेल्या. म्हणून पाऊल झटकन पडते. आपण खाल्लेल्या भाकरीतून निघालेले इलेक्ट्रॉन अशा साखळीतून हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी आपण श्वासाने घेतलेल्या प्राणवायूला मिळतात. त्याचे पाणी होते. वाटेत सुटणारी ऊर्जा हे आपले चलनवलन. मनुष्य आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम सी मध्ये एकाही घटकाचा फरक नाही; गव्हापासून माणसापर्यंत त्याचा आराखडा एकच. चराचरात एकच तत्त्व पाहणाऱ्या संस्कृतीत आपण वाढलो. आधुनिक विज्ञान आपल्या वेगळ्या मार्गाने, मोजमाप करून, जीवसृष्टीच्या एकतेपाशी येते याचा आनंद मानावा.

ही साखळी तुटली तर काय होते, हे जत, आटपाडी, माण, खटावच्या पशुपालकाला विचारा. अवर्षणात खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडून दगावते. त्या कोवळ्या ज्वारीतून पोटात सायनाइड सुटते आणि साखळीच्या अखेरच्या प्रथिनातील लोहाला घट्ट चिकटते. प्राणवायू रक्तात भरपूर असतो, रक्त लालभडक असते, पण इलेक्ट्रॉन घेऊन येणारी वाटच बंद झालेली असते. पशुवैद्य नायट्राइट आणि थायोसल्फेटचे इंजेक्शन देतो. नायट्राइट रक्तातील काही लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेते. असे लोह सायनाइडला स्वतःकडे ओढते, आणि थायोसल्फेट त्याचा निचरा करते. विष आणि उतारा दोन्हीही इलेक्ट्रॉनच्या हिशेबाचे. उपचार मिनिटांत व्हावा लागतो. म्हणून कोवळी ज्वारी चारू नये हे ज्ञान दावणीपर्यंत पोहोचणे अधिक मोलाचे.

माता-भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. पालेभाजी, कडधान्ये यांतील लोह बहुतांशी अशा रूपात असते, की आतड्याला ते सहज घेता येत नाही. त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला तर ते घेता येते. तो इलेक्ट्रॉन देते क जीवनसत्त्व. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळण्याची आपली रीत त्यामुळे फार हिताची आहे. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाला अडवून ठेवतो. घरातली स्त्री सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते आणि वर चहा घेते, ही घरोघरची स्थिती असेल तर पाहणीतील आकड्यांचे आश्चर्य कशाला वाटावे?

साखरपट्ट्यातील पट्टी

धातूचे संकुल, संस्कारित पृष्ठभाग आणि प्रथिन हे तिन्ही एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर ते आज आपल्या घरातल्या कपाटात आहेत. मधुमेह तपासण्याची ती लहानशी पट्टी! तिच्यावर कार्बनचा संस्कारित थर असतो. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तशाच जातीचे विकर असते. हे प्रथिन रक्तातील साखरेचे इलेक्ट्रॉन काढून घेते. पण त्याचा गाभा इतका खोल असतो, की इलेक्ट्रॉन थेट कार्बनपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून मध्ये एक निरोप्या ठेवतात: फेरोसीन किंवा फेरिसायनाइड यांसारखे लोहाचे संकुल. ते प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि पृष्ठभागाला नेऊन देते. जितकी साखर तितका प्रवाह. यंत्र तो मोजते आणि काही क्षणांत आकडा दाखवते. लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली या कल्पनेचा पाया घातला आणि १९८७ मध्ये फेरोसीनवर चालणारे, पेनाएवढे उपकरण बाजारात आले.

सांगली-सातारा हा साखरपट्टा. उसापासून साखर काढण्याचे तंत्र आपल्या सहकारी कारखान्यांनी आत्मसात केले. त्याच साखरेचा अंश रक्तात मोजणाऱ्या यंत्रांवर मात्र आपल्याला बहुधा परदेशी कंपन्यांची नावे दिसतात. स्वदेशीचा अर्थ केवळ विकत घेताना नाव पाहणे एवढाच राहिला, तर ही स्थिती पालटणार नाही. ती पट्टी बनवण्यासाठी प्रथिन, धातू आणि पृष्ठभाग यांचे शास्त्र उमगलेली पिढी हवी. ती पिढी आपल्या तालुक्यांतल्या शाळांतच बसलेली आहे.

आपण काय करायचे?

शेवटी मी सुरुवातीच्या सूत्राकडे येतो. आपल्या समाजात करणारे हात पुष्कळ आहेत. विळा बुडवणारा शेतकरी आहे, कल्हई करणारा कारागीर होता, लिंबू पिळणारी माउली आहे. कारण सांगणारे ग्रंथही आहेत, पण बहुतांशी परभाषेत आणि दूर. या दोहोंत अजून सेतू नाही. दोन संकुलांमध्ये जसा सामाईक घटक लागतो, तसा हात आणि ग्रंथ यांच्यामध्ये माणूस लागतो. तो कार्यकर्ता आपण व्हावे, अशी माझी विनंती आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. आपल्या संस्कारवर्गात, सेवावस्तीतील अभ्यासिकेत आठवड्याचा एक तास विज्ञानासाठी ठेवा. मोरचुदाचा खडा आणि खिळा, चिरलेले वांगे, जस्ताचा आणि कथलाचा पत्रा एवढ्या साहित्यात तीन-चार तास सहज निघतील. मोरचूद हाताळताना मोठ्या माणसाने जवळ असावे, एवढी काळजी घ्या. मुलांना उत्तर आधी सांगू नका. त्यांना पाहू द्या, कारण शोधू द्या, चुकू द्या. तालुक्यातील महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना सन्मानाने बोलवा आणि मराठीतच बोलण्याचा आग्रह धरा. कारागिराला त्याच वर्गात आदराने बसवा आणि त्याची कृती त्याच्या तोंडून ऐका. जातीच्या आणि व्यवसायाच्या भिंती भाषणांनी जितक्या पडत नाहीत तितक्या एकत्र शिकण्याने पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या वर्गांत मुली पहिल्या रांगेत बसतील हे पाहा. पदवी मिळाल्यावर पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलीला 'आता लग्नाचे पाहू' असे सांगून आपण तिचा अर्ज घरातच नाकारतो. कमलाबाईंना निदान एका संचालकाच्या दारात बसून कारण विचारता आले. आपल्या घरातल्या मुलीने कोणाच्या दारात बसायचे? राष्ट्र समर्थ व्हावे असे आपण नित्य म्हणतो. निम्मा समाज उंबऱ्याआड ठेवून ते होणार नाही.

इलेक्ट्रॉन एका जागी साठून राहिला तर त्यातून ना ऊर्जा निघते ना प्रकाश. तो दिला-घेतला जातो तेव्हाच दिवा लागतो, बागेत द्राक्ष पिकते आणि माणूस श्वास घेतो. ज्ञानाचेही तसेच आहे. येत्या वर्षात सातारा-सांगलीतील प्रत्येक तालुक्यात असा निदान एक वर्ग सुरू व्हावा, आणि त्यातल्या एखाद्या मुलीला वर्गात शिरण्यासाठी सत्याग्रह करावा लागू नये, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

वंदे मातरम्!